राजापेठचा डबा

घर सोडताना जहाजं घरी ठेवू नका. ही पहिली सूचना.

अमरावतीच्या राजापेठेत कुर्बानभाईंच्या दुकानात काउंटरमागच्या भिंतीवर वहीचा एक लांब कागद चिकटवलेला होता आणि त्यावर त्यांच्या मुलीच्या, निखतच्या, गिचमिड अक्षरात अशा बारा सूचना होत्या. अकरा निळ्या शाईत आणि बारावी लाल. दुकान म्हणजे पूर्वीचं एसटीडी-पीसीओ. घरोघरी मोबाईल आले, बूथमध्ये कोणी शिरेनासं झालं, तेव्हा कुर्बानभाईंनी काचेची खोली तोडून चार कॉम्प्युटर मांडले आणि पाटीवर 'सायबर कॅफे' रंगवून घेतलं. पिवळा फोन मात्र काउंटरवर तसाच राहू दिला. ज्या फोननं दहा वर्षं पोट भरलं त्याला उचलून भंगारात घालायचं का, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. पुढे त्या फोनकडे पाहून निखतला किती रडू येणार होतं हे तेव्हा कोणाला माहीत?

निखत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी कॉलेज, दुपारपासून काउंटर. शिकवणीची पोरं यायची, रिझल्ट पाहणारे यायचे. त्यांना बसवून दिलं की हिला काम उरायचं नाही. अशा रिकाम्या वेळात तिला तो अंतराळातला गेम सापडला. त्याचं इंग्रजी नाव चांगलं हातभर होतं, पण आपल्याकडे सगळे त्याला 'जहाजं' म्हणायचे. जहाजं खेळतो, जहाजं पाहून येतो, माझी जहाजं बुडाली.

खेळ तसा साधा. प्रत्येकाला एक ग्रह मिळतो. खाणी खणायच्या, लोखंड काढायचं, जहाजं बांधायची, दुसऱ्याचं लुटायचं, आपलं वाचवायचं. पण खरी मेख अशी की तुम्ही कॉम्प्युटर बंद करून घरी गेलात तरी गेम चालूच राहतो. तुम्ही जेवत असता, शेतात असता, आणि तिकडे कोणी चालून आला अन् त्याला तुमची जहाजं घरी उभी सापडली, तर सगळ्यांचा चुराडा. म्हणून निघताना जहाजं कुठल्या तरी लांबच्या फेरीला लावून द्यायची. रिकामं घर फोडून चोर नेणार काय?

दुसरी सूचना खास आपल्या भागातली होती. आपल्या गावच्या लोडशेडिंगचं टाइमटेबल कोणाला सांगू नका, दोस्तालाही नाही. ही सालं दोन हजार दहा-अकराची. शहरात लाइन सहा तास जायची, खेड्यात बारा. पुण्यामुंबईच्या माणसाला हे सांगून पटायचं नाही. लाइन गेली की जहाजं वापस आलेली असोत की शत्रू दारात असो, तुम्ही नुसते अंधाऱ्या पडद्यासमोर हात चोळत बसा. तुमची लाइन कधी जाते हे ज्याला कळलं, त्याच्या हातात तुमच्या घराची किल्ली गेली. आणि चौथी सूचना अशी की कोणाचा सगळा माल उघड्यावर पडलेला दिसला तर हुरळून जाऊ नका. तो चारा आहे, आत गळ आहे.

या सूचनांवर अमरावती-अकोल्याची अकरा पोरं जगली. त्यांची एक टोळी होती आणि म्होरक्या होता 'राजापेठ'. राजापेठ म्हणजे आपली निखत, पण हे कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला भाई म्हणायचे. मुलगी आहे असं कळलं की लोक एक तर लाळ घोटतात नाही तर अक्कल शिकवतात, म्हणून तिनेही कधी सांगितलं नाही. खरं माहीत होतं एका गोपालला. हा भातकुलीचा. त्याचे वडील भगवंत झेंडू अन् शेवंती लावायचे. गोपाल सकाळी फुलं बाजारात घालायचा आणि घरी जाताना तासभर दुकानात बसून आपली जहाजं पाहून जायचा.

त्याच्यावरूनच डबा सुरू झाला. त्या साली दसऱ्याला झेंडूला भाव नव्हता, लोकांनी पोत्यानं फुलं रस्त्याच्या कडेला ओतून दिली होती. दिवाळीनंतर गोपालचा काका गेला. कसा गेला हे कोणी विचारलं नाही. त्या सालांत आपल्याकडे ते विचारत नसत. गोपाल दहा दिवस आला नाही, आणि निखतला आठवली तिची दादी गेली तेव्हाची गोष्ट. घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती आणि सगळ्या गल्लीतून डबे येत होते, पाटलांकडून, जोश्यांकडून, सगळ्यांकडून. तिनं टोळीला लिहिलं की गोपालच्या घरी मैत झाली आहे, प्रत्येकानं एक मालवाहू जहाज लोखंड भरून त्याच्या ग्रहावर पाठवायचं. आणि तो वापस येईपर्यंत त्याच्या घराला कोणी हात लावायचा नाही. मैतीच्या घरावर कोण धाड घालतं?

पोरांना हे इतकं पटलं की विचारू नका. बाहेरचे खेळाडू हसले. गेममध्ये कसलं सुतक, म्हणाले. पण आपली पोरं हटली नाहीत. त्या एका वर्षात डबा चारदा गेला. बावीस-बावीस वर्षांची पोरं, अन् वर्षात चार मयती. मी सांगतो, त्या हसणाऱ्यांना आमच्याकडे आठ दिवस राहायला आणायला पाहिजे होतं.

टोळीत एक खेळाडू 'टाकळी' नावाचा होता. बार्शीटाकळीचा, म्हणून टाकळी. तीन वर्षं निखतचा त्याच्यावर भावासारखा जीव. तो पहिल्यापासून निराळाच. बाकीच्या पोरांच्या जहाजांची नावं वाघ, तलवार, तुफान अशी. याच्या जहाजांची नावं ढेमसं, चवळी, आंबटचुका, भेंडी, कोहळं. निखतनं एकदा चिडवलं होतं की लढाई करून राहिला का बाजार भरवून राहिला. त्यानं लिहिलं, नावं मायनं ठेवली. माय भाजी विकायची आणि आता दवाखान्यात होती. आठवड्यातून दोनदा त्याला तिला अकोल्याला न्यावं लागे, आणि वापसीच्या गाडीला वेळ असला की दोघं दवाखान्यासमोरच्या कॅफेत बसत. माय शेजारच्या खुर्चीवर बसून पडदा पाहत असे आणि उठताना दर वेळी एकच विचारत असे, आले का सगळे घरी?

टाकळीनं आपला फोन नंबरही देऊन ठेवला होता. अडीअडचणीला असू द्या, भाई, म्हणाला. निखतनं तो वहीत लिहून ठेवला, पण कधी लावला नाही. आवाज ऐकला की भाईची बाई झाली असती.

मग आला नत्थुजी. खेळात त्यानं हेच नाव घेतलं होतं. दर्यापूरचा आहे म्हणाला. काहून, करून राहिलो, मले, तुले, सगळं आपल्यासारखं लिहायचा. दोन महिने टोळीत गोडीगुलाबीनं राहिला. एके दिवशी दुपारी त्यानं लिहिलं की बायको गेली, लेकरं लहान हायेत, घर खायले उठते. डबा नका पाठवू भाईहो, बसायले या.

आता मैतीच्या घरी बसायला जाणं हे आपल्याकडे डब्यापेक्षा मोठं. नाही कोण म्हणेल? निखतनं हुकूम सोडला आणि दहा जणांची सगळी जहाजं नत्थुजीच्या ग्रहावर जाऊन राखणीला उभी राहिली. दुपारी चार वाजता अमरावतीची लाइन गेली, साडेचारला अकोल्याची. पाच वाजता कुठल्या तरी परक्या टोळीची दोनशे जहाजं तिथं कोसळली. लाइन आली तेव्हा निखतच्या तीन वर्षांच्या मेहनतीचा भुगा उडत होता. नत्थुजीनं जाता जाता इंग्रजीत एक ओळ खरडली होती की तुमची भाषा तुमच्याच गप्पा वाचून शिकलो, आणि तुमचं लोडशेडिंगही. दर्यापूर त्यानं नकाशातच पाहिलं असेल. मेल्याला बायको तरी होती की नाही, देव जाणे.

निखत त्या दिवशी रडली नाही. तिनं लाल पेन काढला आणि भिंतीवरच्या कागदावर बारावी सूचना लिहिली. मैतीच्या मेसेजवर विश्वास ठेवू नका, कोणाच्याही.

एकट्या टाकळीची जहाजं वाचली. तो त्या दिवशी आलाच नव्हता. पाच दिवसांनी उगवला आणि म्हणाला, माय सिरियस होती, दवाखान्यातून हललो नाही. भाईचं सगळं गेलेलं पाहून त्यानं न मागता तीन खेपा लोखंड पाठवलं. पुन्हा बांधा, भाई, म्हणाला. निखतनं त्या लोखंडाची बारा लढाऊ जहाजं बांधली. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सगळ्यांची बुडाली आणि याचीच तेवढी कशी वाचली, हा प्रश्न एकदा मनात शिरला तो निघेना. माय आजारी आहे हे तरी कोणी पाहिलं होतं? नत्थुजीलाही लहान लेकरं होतीच की.

दीड महिन्यानं, मंगळवारी दुपारी, टाकळीचा मेसेज आला. चार ओळी होत्या.

"माय गेली सकाळी. तेरवी होईपर्यंत मी येनार नाई. जहाजं घरीच उभे हायेत, कुठं पाठवायले सुचलं नाई. तुमच्या भरवशावर."

गोपाल तेव्हा तिच्या मागेच उभा होता. त्यानंही वाचलं आणि डोक्यावरचा रुमाल काढला. निखतनं मात्र पहिल्यांदा टाकळीचा ग्रह उघडून पाहिला. एकोणीस जहाजं ओळीनं उभी, टाक्या भरलेल्या, पहारा कोणाचा नाही. तीन वर्षांत टाकळीनं पहिली सूचना कधी मोडली नव्हती, आणि आज मोडून वर सांगत होता. ती म्हणाली की हा चारा आहे. आपण डबा घेऊन जाऊ आणि मागे दोनशे जहाजं उभी असतील. गोपालनं परोपरीनं सांगून पाहिलं. माणूस असा लिहीत नाही म्हणाला, खोटं बोलणारा जास्त बोलतो, हा चार ओळीत थांबला. ती ऐकेना.

शेवटी गोपाल म्हणाला, "ताई, माह्या घरी डबा पाठवला तवा तू मले काही विचारलं होतं का?"

ती म्हणाली, "तवा विचारायले पाह्यजे होतं."

हे बोलल्यावर गोपाल उठून गेला. निखतला त्याच वेळी लाज वाटायला हवी होती. तिला राग आला. एखाद्या दिवशी माणसाचं डोकं असं फिरतं की समोरची खरी गोष्ट दिसत असूनही तो ती पाहत नाही. फोन हातभर अंतरावर होता, नंबर वहीत होता. एक फोन लावायचा होता, बस. तिनं टाकळीला टोळीतून काढून टाकलं, कारण टोळीतल्यावर हल्ला करता येत नाही, आणि बुधवारी दुपारी आपली बारा जहाजं त्याच्या ग्रहावर सोडली. गळ असेल तर कळेल, नसेल तर तो धडा घेईल, असा तिचा हिशेब. जहाजं त्यानंच दिलेल्या लोखंडाची होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

लढाई झालीच नाही. उभ्या जहाजांना लढवणारं कोणी नसेल तर ती नुसती फुटतात. खेळानं नेहमीसारखी बुडालेल्यांची यादी दिली. ढेमसं, चवळी, आंबटचुका, भेंडी, कोहळं, गवार, अंबाडी, तोंडले, आणि अशी एकोणीस नावं. निखतनं तासभर वाट पाहिली. कोणी चालून आलं नाही. संध्याकाळपर्यंत आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं नाही. गळ नव्हताच.

त्यानंतर तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. ती ती यादी उघडायची, वाचायची, बंद करायची. कॉलेजात लेक्चर चालू असताना वहीच्या कोपऱ्यात भेंडी, गवार असं लिहून बसायची. असं करता करता नावं पाठ झाली. आठ-नऊ दिवस तिनं स्वतःला समजावलं की तो तेरवीनंतर येईल आणि शिव्या देईल, मग माफी मागू. तेराव्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. दुकानात दोनच गिऱ्हाइकं होती. तिनं पिवळा फोन जवळ ओढला आणि वहीतला नंबर लावला.

एका म्हाताऱ्या माणसानं उचलला. मागे भांड्यांचा, बायांचा आवाज होता. निखतनं चाचरत विचारलं की जहाजं खेळतो तो मुलगा आहे का.

"पोरगा कुठला वो? आमची प्रतीक्षा खेळे ते," तो म्हणाला. "मी तिचा मामा, शेषराव. आज तेरवी हाय पार्बताबाईची, पोरगी पंगतीत वाढून राहिली. तुमी कोन?"

निखतच्या तोंडून कसंबसं निघालं की मी राजापेठहून बोलते आहे.

"राजापेठहून का?" मामाचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरगी तीन-चार दिवस वाट पाहे बापा तुमची. म्हने, राजापेठहून डबा येईन."

निखतनं फोन ठेवला आणि काउंटरवर डोकं टेकलं. कॉम्प्युटरवरची पोरं वळून पाहू लागली, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. ती मोठ्यानं रडली. तीन वर्षं दोघी एकमेकींना भाई म्हणत होत्या, आणि एकीची आई गेली तेव्हा दुसरीनं जाऊन तिचं घर फोडलं.

घरी तिनं अम्मीला एवढंच सांगितलं की अकोल्याकडच्या एका मैत्रिणीची आई गेली आणि मी गेले नाही. अम्मीनं, आबेदाबींनी, कपाळावर हात मारला. "तेरा दिन हो गए, और तू आज बोल रही?" म्हणाल्या. मग त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. नवा कोरा पितळी कड्यांचा डबा काढला, निखतच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेला. नव्या पातेल्यात वरण केलं, भात केला, ढेमश्याची भाजी केली. ढेमसं पाहून निखत स्वयंपाकघरातून उठून गेली. सकाळच्या एसटीनं मायलेकी अकोल्याला आणि तिथून बार्शीटाकळीला गेल्या.

घर विचारायला वेळ लागला नाही. दारात भाजीची हातगाडी उलटी करून ठेवली होती आणि आत खुंटीला तराजू लटकत होता. आबेदाबी आत जाऊन बायांमध्ये बसल्या, आणि ज्या बाईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं तिच्यासाठी पदरात तोंड घालून रडल्या. प्रतीक्षा बाहेर ओट्यावर आली. बारीक अंगाची, निखतच्याच वयाची, डोळे कोरडे. राजापेठ म्हणजे मुलगी आहे हे पाहून तिला पहिल्यांदा हसू आलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा, असं मामा म्हणाला.

ती बोलायला लागली ती थांबेना. माय कशी गेली, दवाखान्यात गाडी यायला कसा वेळ होता, तेवढ्यात ती समोरच्या कॅफेत पळत जाऊन मेसेज कसा टाकून आली. तेव्हापासून तिनं गेम उघडलाच नव्हता. निखत डबा मांडीवर धरून ऐकत होती.

"आदल्या रोजी मायनं विचारलं, आले का सगळे घरी," प्रतीक्षा म्हणाली. "मी म्हटलं, आले माय, सगळे घरीच हायेत. मंग झोपली ते. म्हनून मी त्याईले कुठं पाठवलं नाई. म्हटलं, तेरा दिवस राहू दे घरी. मैतीच्या घराले कोन हात लावते? तुनंच तर केला होता तो नियम."

निखतला वाटलं, आता नाही सांगितलं तर आयुष्यभर सांगता येणार नाही. तिनं सांगितलं. नत्थुजीचं सांगितलं, संशयाचं सांगितलं, बुधवारची दुपार सांगितली, लोखंड कोणाचं होतं तेही सांगितलं. स्वतःची बाजू घ्यायला तिनं एक शब्द वापरला नाही. प्रतीक्षा ओट्याच्या कडेला नख घासत ऐकत राहिली.

मग तिनं विचारलं की यादीत नावं आली का. आली, निखत म्हणाली. सांग, ती म्हणाली.

आणि निखतला त्या दारात बसून सांगावी लागली. ढेमसं. चवळी. आंबटचुका. भेंडी. प्रतीक्षा एकेक बोट दुमडत होती. कोहळं. गवार. अंबाडी. तोंडले. कटुले. दोडकं. एकही नाव चुकलं नाही. एकोणीस झाली. प्रतीक्षाचं एक बोट सरळच राहिलं.

"अन् संभार?"

संभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, यादीत नव्हतं. निखतला असं काही जहाज होतं हेही माहीत नव्हतं. प्रतीक्षानं सांगितलं की ते तिच्याकडचं सगळ्यात बारकं जहाज, त्यात ना तोफ ना माल. भाजी घेतली की माय मूठभर संभार वरून द्यायची, म्हणून हेही वरचंच, विसावं. शेवटच्या खेपेला कॅफेत मायनं हट्ट धरला की एक मी पाठवते. प्रतीक्षानं तिचं बोट माऊसवर ठेवलं आणि मायनं संभार जितकं लांब जाईल तितकं लांब पाठवून दिलं. चाळीस दिवसांची फेरी. माय म्हणाली होती, ते वापस येईन तवा मी बरी होऊन घरी असीन.

निखत म्हणाली, "प्रतीक्षा, तू मले शिव्या दे."

"शिव्या काहून देऊ?" प्रतीक्षानं तिच्याकडे पाहिलं. "शिव्या देऊन माय येते का? डबा येईन म्हटलं होतं मी सगळ्याईले. मामाले, आत्याले. पहिल्या रोजी येनार होता तो."

तरी तिनं डबा घेतला. परत करणं तिच्या मायच्या घरात बसत नव्हतं. तो आत नेऊन ठेवताना ती एवढंच म्हणाली की मी आता त्या गेमवर येत नाही, माझ्यानं ते रिकामं घर पाहवणार नाही. संभार पोचलं का, तेवढं तू पाहून सांग.

वापस आल्यावर निखतनं भिंतीवरचा कागद काढला आणि फाडून टाकला, बाराही सूचनांसकट. गोपालची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ दे ताई, पण ते जाणारं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. मग तिनं आपली बाराही जहाजं मोडीत काढली आणि त्या लोखंडाची एक मोठी दुर्बीण बांधली, दुसऱ्याच्या ग्रहावर येणारं जहाज दिसावं म्हणून. टोळीतल्या सगळ्यांना लिहिलं की काय घडलं, कोणी केलं, आणि टाकळीकडे एक जहाज येणार आहे, त्याला कोणी हात लावू नका. कोणी उत्तर दिलं नाही. हातही कोणी लावला नाही.

संभारचा चाळिसावा दिवस उजाडला. गोपाल त्या दिवशी बाजारातून फुलांचा एक लहानसा हार घेऊन आला होता, तो कुठे घालायचा हे त्यालाही कळेना, म्हणून कॉम्प्युटरशेजारी ठेवून दिला. लाइन दोनला जाणार होती. एक वाजून वीस मिनिटांनी दुर्बिणीत एक ठिपका दिसला, आणि त्याखाली नाव, संभार. तो फार हळू येत होता. दोनला सात कमी असताना तो टाकळीच्या ग्रहावर उतरला. ग्रहावर दुसरं काहीच नव्हतं.

निखतनं पिवळा फोन ओढला. पलीकडे पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"पोचलं," ती म्हणाली. "संभार पोचलं घरी."

मग प्रतीक्षानं विचारलं, "घरी कोन हाय त्याच्या?"

पलीकडे प्रतीक्षा रडायला लागली होती, आई गेल्यावर पहिल्यांदाच. तेवढ्यात लाइन गेली आणि पडदा काळा झाला. निखत फोन कानाला धरून ऐकत राहिली.